आईचा पगार आणि बाळाचे दूध

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बालकाला वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचे बालक म्हणते. अशी बहुसंख्य बालके यंत्राच्या आधाराने श्वास घेणारी नसतात. ती तीनचार आठवडेच लवकर आलेली असतात, रडतात, हातपाय हलवतात, आणि पाहणाऱ्यांना सारे ठीक असल्याचे वाटते. फसगत होते ती येथेच. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारणतः ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. ३५ व्या आठवड्यात जन्मलेले मूल छातीला लागते, चार घोट घेते आणि थकून झोपी जाते. पोट रिकामे राहिले की अंगातील ऊब व रक्तातील साखर उतरते, कावीळ रेंगाळते. म्हणून त्याला दर दोनतीन तासांनी जागे करून पाजावे लागते. चोखण्याची शक्ती येईपर्यंत हाताने दूध काढून वाटी-चमच्याने भरवावे लागते, आणि दिवसरात्र अंगाशी धरून ठेवावे लागते. पहिला चीक तर त्याला पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षाही अधिक गरजेचा. (सातमाशी जगते आणि आठमाशी जगत नाही, हा आपल्याकडील समज सर्वस्वी उलटा आहे, जितके दिवस अधिक भरले तितके बाळ अधिक तगते.)

या उपचारात महागडे असे काही नाही. त्याला लागतो तो आईचा वेळ, आणि प्रचलित अर्थव्यवस्थेत कष्टकरी स्त्रीचा वेळ म्हणजे तिची मजुरी.

नाहूरचे उदाहरण घ्यावे. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या या वस्तीला रेल्वेचे स्थानक मिळाले ते २००६ साली. त्याआधी कित्येक दशके लालबहादूर शास्त्री मार्गालगतचे कारखाने हीच या पट्ट्याची ओळख होती. तेथील कामगाराला राज्य विमा योजनेचे संरक्षण होते आणि त्यासाठी मुलुंडला विमा रुग्णालय होते. पुढे एकामागून एक कारखाने बंद झाले व त्यांच्या जमिनींवर निवासी मनोरे उभे राहिले. आज भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्त्यांतून या मनोऱ्यांत धुणीभांडी करायला जाणारी स्त्री ना विमा योजनेत बसते, ना प्रसूतिलाभाच्या कायद्यात. चार घरी चार मालकिणी, म्हणून कायद्याच्या दृष्टीने तिला मालकच नाही! पंधरा दिवस खाडा झाला की दुसरी बाई लागते. तिचे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले तर महिना उलटण्यापूर्वीच तिला काम आणि बाळ यांत निवड करावी लागते. ती कामावर जाते, दूध आटते आणि घरात पावडरीचा डबा येतो. डबा परवडत नाही म्हणून पावडर पातळ केली जाते. दुधाच्या पर्यायांची जाहिरात रोखणारा १९९२ चा कायदा योग्यच आहे. पण जाहिरात थांबली म्हणून आई घरी थांबू शकत नाही.

प्रसूतिलाभाचा प्रश्न मुंबईला नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या विधेयकाचा पुरस्कार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली होती. १९२९ चा मुंबई इलाख्याचा कायदा आणि १९६१ चा केंद्रीय कायदा यांनी हा भार मालकावर टाकला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. हे स्वागतार्हच; परंतु मालकाच्या खिशातून जाणारी रजा जितकी लांब, तितकी स्त्रीला कामावर न घेण्याची त्याची प्रवृत्ती बळावते, हेही नाकारता येणार नाही.

शिवाय ही रजा आठवडे मोजते, बाळ किती लवकर आले ते मोजत नाही. सहा आठवडे आधी जन्मून तीन आठवडे रुग्णालयात काढणाऱ्या बाळाच्या आईलाही तेच २६ आठवडे. अकाली प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्याच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या कायद्यात होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. किती कामगार संघटनांनी ती आपल्या सभासद स्त्रियांना समजावून सांगितली आहे? पण तिची शब्दरचनाही आईच्या आजारपणाची आहे. आई धडधाकट आणि बाळ अशक्त असेल तर हे कलम तिच्या कामाचे नाही. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून रुग्णालयात राहावे लागलेल्या नवजाताच्या आईबापांना नेहमीच्या रजेखेरीज १२ आठवड्यांपर्यंत वेगळी रजा देऊ केली. तेथील शासन समाजवादी नाही, तरीही हे घडले.

दुसरा प्रश्न रुग्णालयांचा. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. एका महापालिका रुग्णालयाने, गरिबांच्या रुग्णालयाने, हे करून दाखवले. त्याच्या दहा वर्षे आधी कोलंबियातील बोगोटा येथे काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा आईच्या छातीशी बाळ बांधण्याची कांगारू पद्धत पुढे आली. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. एक ते १.८ किलो वजनाच्या बालकांना जन्मापासूनच असे धरल्यास मृत्यूंचे प्रमाण एकचतुर्थांशाने घटते, असे त्यात आढळले. अर्थ एवढाच की नवजात कक्षात आईची खाट हवी. आपल्याकडे आई दाराबाहेर बाकड्यावर असते.

आणि त्याच २०२१ च्या डिसेंबरात, नाहूरला लागून असलेल्या भांडुपमध्ये, महापालिकेच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहातील नवजात अतिदक्षता कक्षात जंतुसंसर्गाने चार बालके दगावली. तो कक्ष चालवण्याचे काम खासगी संस्थेकडे सोपवलेले होते. प्रकरण विधिमंडळात गाजले, निलंबन झाले. कंत्राटी पद्धतीविषयीची चर्चा मात्र तेथेच विरली. नवजात कक्ष महापालिकेने स्वतःच्या कायम डॉक्टर-परिचारिकांनिशी चालवावा आणि उपनगरांतील प्रसूतिगृहांना दुग्धपेढीचे दूध मिळावे, ही मागणी पक्षाच्या विभागीय शाखांनी अंदाजपत्रकाच्या वेळी लावून धरली पाहिजे.

उरला मजुरीचा प्रश्न. त्याचे उत्तर महाराष्ट्राकडे १९६९ पासून आहे. माथाडी कायद्याने मालक अनेक आणि कामगार एक, हीच अडचण सोडवली. प्रत्येक मालकाने मंडळाकडे लेव्ही भरायची आणि मंडळाने कामगाराला हक्क द्यायचे. घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला खरा. पण घरमालकांवर लेव्हीचे बंधन त्यात नाही. ते घालता येते. एका बाईमागे चार घरांनी महिन्याला पन्नास-पन्नास रुपये भरले तर वर्षाचे २,४०० होतात. वीस बायकांमागे वर्षाला एक बाळंतपण धरले, तर त्या आईच्या वाट्याला ४८,००० रुपये येतात, म्हणजे सहा महिने दरमहा ८,०००. मनोऱ्यांतील गृहनिर्माण संस्थांना एवढी रक्कम देखभालखर्चाच्या पावतीत दिसणारही नाही.