फोटोखालची ओळ

"अगं, पण तू नक्की करतेस काय?" सुट्टीत घरी गेले की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. फोटो काढते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "लग्नाचे?" नाही. "मग पेपरात?" तेही नाही. मग मावशी जरा थांबून हळूच विचारते, "मग पैसे कोण देतं गं?"

तर मंडळी, एकदा नीटच सांगून टाकते. मी जे करते त्याला स्टॉक फोटोग्राफी म्हणतात. म्हणजे फोटो आधी, गिऱ्हाईक नंतर. शिंप्याचं नव्हे, तयार कपड्यांच्या दुकानाचं गणित. फोटो काढायचा, एजन्सीच्या साइटवर चढवायचा, त्याखाली एक ओळ लिहायची, शोधणाऱ्याला सापडावा म्हणून तीस-चाळीस कीवर्ड द्यायचे आणि वाट बघत बसायचं. कुणा मासिकाला, बँकेला, मुरांब्याच्या बाटलीवाल्याला तो आवडला तर तो वापरण्याचा परवाना घेतो. हक्क माझाच राहतो आणि तोच फोटो उद्या दुसराही घेऊ शकतो. २००० साली कॅनडात आयस्टॉकफोटो सुरू झालं आणि २००६ साली गेटी इमेजेसने ते ५ कोटी डॉलरला विकत घेतलं. त्या काळात या धंद्याचं सगळं गणितच बदललं. ज्या फोटोला पूर्वी शेकडो डॉलर मोजावे लागत, तसा फोटो एक-दोन डॉलरला मिळू लागला. त्यामुळे मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की पैसे बरेच जण देतात, पण प्रत्येक जण थोडे थोडे देतो. :-)

मी राहते इंग्लंडच्या पश्चिमेला, हेरफर्डशरमध्ये, वेल्सच्या सीमेजवळच्या एका खेड्यात. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो आणि राहिलो. सफरचंदाच्या बागा, लाल अंगाच्या नि पांढऱ्या तोंडाच्या गायी, काळ्या तुळयांची पांढरी घरं. आणि नदी. नदीचं नाव वाय. मी मूळची वाईची, तेव्हा वाईची मुलगी वायकाठी गेली हा विनोद आमच्याकडे पुरेसा झिजलेला आहे. पुढे जाऊ.

खेड्याचे फोटो खपतात, पण कुठले खपतात हे बघण्यासारखं आहे. गल्लीत उभ्या गाड्या नकोत. कचऱ्याचे डबे नकोत. नंबरप्लेट, पाट्या, कंपन्यांची नावं पुसून टाकायची. माणूस ओळखू येत असेल तर जाहिरातीच्या वापरासाठी त्याची लेखी परवानगी लागते, त्यामुळे माणूस नसलेला बरा. एका बाजूला आकाश मोकळं सोडायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला तिथे स्वतःचा मजकूर टाकता येतो. लाल टेलिफोनची खोकी अजून खपतात. प्रत्यक्षात फोन कुणी करत नाही. २००८ पासून बीटी कंपनी ही खोकी गावांना एका पौंडात दत्तक देते, मग कुणी त्यात वाचनालय मांडतं, तर कुणी हृदय बंद पडल्यावर झटका द्यायचं यंत्र ठेवतं. माझ्या मते हे यंत्र असलेलं खोकं रिकाम्या खोक्यापेक्षा कितीतरी जास्त इंग्रजी आहे. पण खपतं रिकामंच.

स्ट्रॉबेरीचंही तेच. हिरव्या पानावरची एक लालचुटुक स्ट्रॉबेरी वाटेल तेवढी खपते. ती जिथे पिकते ते प्लॅस्टिकचे लांबलचक बोगदे कुणाला नको असतात. त्यात वाकून तोडणी करणारी माणसं तर नकोतच. २०१९ पासून इथे हंगामी मजुरांसाठी वेगळा व्हिसा आहे, आणि २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान अशा ठिकाणांहून बरीच माणसं येऊ लागली. रविवारी गावातल्या दुकानात ती दिसतात. फोटोतल्या गावात ती नसतात.

हे काही कॅमेऱ्याचं पाप नाही बरं का. ही खोड फार जुनी आहे आणि गंमत म्हणजे ती आमच्याच नदीवर जोपासली गेली. १७७० साली विल्यम गिल्पिन नावाचा एक पाद्री नावेतून वायच्या सफरीला निघाला आणि १७८२ साली त्याचं पुस्तक आलं. देखावा 'चित्रासारखा' कसा बघावा, हे त्याने इंग्रजांना शिकवलं. नदीकाठचा टिंटर्न मठ पडका होता, पण त्याच्या मते पुरेसा चांगला पडलेला नव्हता. भिंतींची त्रिकोणी टोकं फार रेखीव उरली होती. हातोडीचे चार ठोके विचारपूर्वक घातले तर बरं दिसेल, असं त्याने सुचवलं! त्या अवशेषांत झोपड्या करून राहणारी दरिद्री माणसंही त्याला दिसली होती, त्याने तशी नोंद केली आहे. पण लोकांनी उचललं ते चित्र, नोंद नाही. त्यानंतरचे प्रवासी बरोबर काळपट रंगाचा बहिर्वक्र आरसा बाळगत, देखाव्याकडे पाठ करून उभे राहत आणि आरशात तो देखावा बघत. आज फोनकडे बघणाऱ्या पोरांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपलं गाव दुसऱ्याच्या नावावर खपतं तेव्हा कसं वाटतं, हे वाईकरांना सांगायला नको. 'गंगाजल' हा सिनेमा २००३ सालचा. गोष्ट बिहारची, चित्रण आमच्या भागातलं. 'स्वदेस' २००४ सालचा. गाव म्हणे उत्तर प्रदेशातलं, पण घाट मेणवलीचा. थिएटरात आम्ही एकमेकांना कोपरं मारत, "तो बघ घाट!" म्हणत होतो. सिनेमा ही गोष्ट असते, तिथे कुणी फसत नाही. फोटोचं तसं नसतं. फोटो बघणारा मनातल्या मनात धरून चालतो, की हे असं आहे.

तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला एक स्टॉक फोटो सांगते. निळं आकाश, पांढरे ढग, हिरवीगार टेकडी. बरोबर, विंडोज एक्सपीचा. चार्ल्स ओरिअर यांनी तो १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात, रस्त्याच्या कडेला थांबून फिल्मवर काढला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो एजन्सीकडून घेतला आणि २००१ पासून तो जगभरच्या पडद्यांवर झळकला. आता गंमत बघा. ती टेकडी मुळात द्राक्षांची. फायलोक्सेरा नावाच्या किडीने त्या भागातल्या बागा खाल्ल्या, वेली उपटाव्या लागल्या आणि उघड्या जमिनीवर गवत माजलं. बाग उपटणं म्हणजे काय, हे नाशिककडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. म्हणजे ज्या हिरवळीकडे बघून निम्म्या जगाने ऑफिसात सुस्कारा सोडला, ती कुणाच्या तरी बुडालेल्या पिकावर उगवलेली होती. फोटोत काही खोटं नव्हतं. टेकडी तशीच दिसत होती. फक्त फोटोखालची ओळ पडद्यापर्यंत पोचली नाही.

माझ्या मते या धंद्यात लबाडी होते ती फोटोत नव्हे, त्या ओळीत. आणि ती ओळ लिहिणं संपूर्ण आमच्या हातात असतं.

आता आमच्या नदीबद्दल. वाय वेल्समधल्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे २५० किलोमीटर वाहून सेव्हर्नला मिळते. सायमंड्स यॅटच्या कड्यावरून तिचं वळण बघावं, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण गेली काही वर्षं उन्हाळ्यात, पाणी कमी आणि ऊन जास्त झालं की नदी हिरवी पडते. हे शेवाळ असतं. तिच्या पाणलोटात दोन कोटींहून जास्त कोंबड्या पोसल्या जातात असा अंदाज सांगतात. त्यांचं खत शेतात जातं, जमिनीला झेपत नाही तेवढं फॉस्फेट पावसाबरोबर नदीत उतरतं, त्यात सांडपाण्याची भर पडते. शेवाळ माजलं की पाण्याखालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. जून महिन्यात पात्रावर पांढऱ्या फुलांचे गालिचे पसरलेले असायचे, असं इथले जुने लोक सांगतात. आता ते शोधावे लागतात. साल्मन मासेही घटले. २०२३ साली नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने नदीची प्रत खाली आणली. शेरा असा, की स्थिती प्रतिकूल आणि घसरती.

आणि स्टॉकच्या बाजारात? हिरवा रंग खपतो. हिरवट पाण्यावर झाडांची सावली पडली की आजारी नदी अगदी पाचूसारखी दिसते. फोटो चढवला की साइट आपणहून कीवर्ड सुचवते: स्वच्छ, ताजं, निर्मळ, अस्पर्श. एक टिचकी मारली की झालं. मी ते शब्द एकेक करून खोडते. तिथे महिना, साल, जागेचं नाव आणि 'शेवाळ' असं लिहिते. नदीचे उन्हाळ्यातले फोटो मी फक्त बातम्या-लेखांच्या वापरासाठी ठेवते, जाहिरातीला देत नाही. त्याने विक्री कमी होते का? होते. जाहिरातीत पैसा जास्त असतो, हे उघड आहे.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. जन्म इथलाच, साठ वर्षं या नदीवर गळ टाकून बसलेले. मागच्या वर्षी त्यांनी फाटकापाशी एक रंगीत पत्रक माझ्या हातात ठेवलं. शेतीशी संबंधित कुठल्याशा कंपनीचं होतं. वर नदीचं वळण, खाली निसर्ग जपण्याबद्दल चार गोड वाक्यं. "हा तुझा का?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, नुसतं विचारलं. माझा नव्हता. पण 'माझा नाही' एवढं सांगून सुटल्यासारखं मला वाटेना. माझ्याच बाजारातला माल होता तो. नदी कुठली आणि फोटो कुठल्या महिन्यातला, हे त्या पत्रकावर कुठेच नव्हतं. ज्या माणसाने त्या वळणावर आयुष्य काढलं, त्याला स्वतःच्या नदीची जाहिरात वाचायला मिळाली, आणि नदी मात्र दारामागे हिरवी पडलेली.

माझे या धंद्यातले मित्र म्हणतात, "तू दुकानदार आहेस, पत्रकार नाहीस. फोटोखालची ओळ वाचतो कोण?" मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. गिऱ्हाईक बहुतेक वेळा वाचत नाही. पण मला सांगा, कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला तर आपण त्या दुकानदाराला काय म्हणतो? 'तो दुकानदारच आहे, शेतकरी थोडाच आहे' म्हणून सोडून देतो? आंब्याच्या पेटीवर जे चालत नाही, ते नदीच्या फोटोखाली का चालावं?

काहींचं म्हणणं असं, की आता हा वादच जुना झाला. यंत्राला 'इंग्लंडमधलं खेडं, गुलाबाच्या वेली, सकाळचं ऊन' एवढं सांगितलं की काही सेकंदांत चित्र तयार. २०२२ च्या सप्टेंबरात गेटीने अशी चित्रं घ्यायला बंदी केली, तर त्याच वर्षी डिसेंबरात अडोबी स्टॉकने तशी खूण लावून ती स्वीकारायचं जाहीर केलं. खरं सांगते, यंत्राची घरं माझ्या घरांपेक्षा सुंदर असतात. डबे पुसावे लागत नाहीत, मुळात नसतातच. कुठलंच नसलेलं गाव हवं असेल तर यंत्राशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पण नेमकं म्हणूनच ती ओळ आता जास्त मोलाची झाली. अमुक दिवशी, अमुक जागी, चिखलात बूट घालून एक माणूस उभं होतं आणि त्याने हे डोळ्यांनी पाहिलं, एवढंच आमच्याकडे उरलेलं भांडवल आहे. तेच 'अस्पर्श' म्हणून खोटं लिहून घालवायचं असेल, तर आमची गरज कुणाला आणि कशासाठी?

नदीत एका फोटोने काही फरक पडत नाही, हे मला कळतं. फॉस्फेट कीवर्ड बदलून उतरत नाही. पण नदी बरी आहे असं सगळ्यांना वाटत राहिलं तर ती बरी करायची घाई कुणाला असणार? हिरवं दिसतं म्हणजे बरं चाललंय, ही समजूत घट्ट करण्यात सुंदर फोटोंचा हातभार लागतो. निदान तो हातभार आपण लावू नये, इतकीच माझी भूमिका.

आणि हे फक्त इथल्यापुरतं नाही. आपल्याकडेही पावसाळा आला की घाटांचे, धरणांचे, जलपर्णीने झाकलेल्या तळ्यांचे 'निसर्गरम्य' फोटो फिरायला लागतात. तुम्ही फोटो काढत असाल तर गाव, महिना आणि साल लिहा. तुम्ही छापत असाल तर ती ओळ कापू नका. आणि नुसते बघत असाल, तर इतका हिरवा रंग कशामुळे आला, एवढं एकदा विचारा. कधी उत्तर 'पाऊस चांगला झाला' असंही येईल, आणि मग त्या फोटोचा आनंद दुप्पट होईल.

असो. लेक्चर फार झालं. मेमधल्या सफरचंदाच्या मोहोराचे फोटो अजून चढवायचे आहेत. तिथे मात्र 'सुंदर' हा कीवर्ड मी बेधडक देणार आहे, कारण तो मोहोर खरंच तसा होता.