बोर्ड बांबूचा, पण सरस कशाचा?

अगरबत्तीच्या काड्यांसाठी बांबू फोडला की काडी हाती येते ती जेमतेम १६ टक्के. उरलेला ८४ टक्के वाया जातो, असे खादी व ग्रामोद्योग आयोगाचेच म्हणणे आहे. छिलके, पेरांचे तुकडे आणि भुसा असा हा ढीग बराचसा भट्टीत जातो. २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू कायद्याने ‘वृक्ष’ राहिला नाही. तोडणी-वाहतूक सोपी झाली, तसा हा ढीगही वाढणार. त्यातून पार्टिशन, दारे, छताखालचे तक्ते तयार होणार असतील तर त्याचे मनापासून स्वागत.

मात्र असा तक्ता पर्यावरणपूरक की नाही, हे भुशापेक्षा सरसावर ठरते. बाजारात सर्वांत स्वस्त सरस युरिया-फॉर्माल्डिहाइडचा. दमट हवेत तो हळूहळू सुटतो आणि फॉर्माल्डिहाइड खोलीत येत राहते. हा वायू कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच दिला. कोकणातल्या पावसाळ्यात, दारे-खिडक्या लावून बसलेल्या बालवाडीत असला तक्ता लावणे धोक्याचे आहे. फिनॉलचा सरस महाग आणि काळपट, पण पाण्याला टिकतो आणि वायूही फार कमी सोडतो. सिमेंटमध्येही भुसा बांधता येतो. फक्त बांबूतली साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही, म्हणून भुसा आधी भिजवून धुवावा लागतो.

आणखी एक गोष्ट कारखान्यातच सांभाळायची आहे. बांबूच्या बाहेरच्या हिरव्या सालीवर मेणाचा थर असतो, सालीत सिलिका असते. तिला सरस नीट धरत नाही. साल आणि आतला भुसा एकत्र लोटला की तक्ता कच्चा राहतो किंवा सरस जास्त ओतावा लागतो. साल वेगळी काढायला माणसे लागतात, मजुरी लागते. स्वस्ताईच्या हट्टात पहिली काट इथेच बसते.

म्हणून सरकारी शाळा, अंगणवाड्या, आश्रमशाळांसाठी बांबूचे तक्ते घेताना निविदेत नुसते ‘बांबू’ लिहून भागणार नाही. सरस कोणता, वायू किती सुटतो, हे तपासून घेण्याची अट हवी आणि त्या अटीला परवडेल असा दरही हवा. तपासणीची सोय बांबूच्या मुलखात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या आवाक्यात असावी. चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यासाठी योग्य जागा आहे.