उभ्या गाडीचें इंजिन

गेल्या अंकांतील सौर बंबाविषयींचें माझें टिपण वाचून नागपूरच्या एका भगिनींनीं पत्र पाठविलें आहे. त्या लिहितात कीं, ‘मास्तर, विजेचा हिशेब आपण मांडलात, तसा आतां दारांतील मोटारीचाही मांडा. आमच्या नव्या गाडीचें इंजिन प्रत्येक सिग्नलपाशीं आपोआप बंद होतें आणि क्लचवर पाय ठेवतांच पुन्हा सुरू होतें. यजमानांच्या मतें त्यानें पेट्रोल वाचतें, मामंजींच्या मतें इंजिन झिजतें, आणि मला मात्र दर वेळीं गाडी बिघडली असें वाटून छातींत धस्स होतें. खरें काय तें लिहावें.’ प्रश्न रास्त आहे. विचारला मात्र अशा माणसास, कीं ज्याच्या गांवांत सिग्नलचा एकही दिवा नाहीं! मुलचेऱ्यास गाडी थांबते ती रस्ता ओलांडणाऱ्या गुरांसाठीं, बाजाराच्या दिवशींच्या गर्दीसाठीं, किंवा ओळखीचा मनुष्य भेटला म्हणून. तरीही या यंत्राचा मला चांगलाच अनुभव आहे, आणि तो सांगितल्याशिवाय उत्तर पुरें होणार नाहीं.

प्रथम यंत्राचें कार्य पाहूं. हातानें गियर बदलावयाच्या गाडींत चालकानें गाडी थांबवून गियर सुटा केला व क्लचवरचा पाय काढला कीं, क्षणभरानें इंजिन बंद होतें. क्लच दाबतांच तें पुन्हा सुरू होतें. आपोआप गियर बदलणाऱ्या गाडींत हेंच काम ब्रेकवरच्या पायानें चालतें. मात्र यंत्र आंधळेपणानें वागत नाहीं. इंजिन पुरेसें तापलें आहे काय, बॅटरींत शक्ति आहे काय, पट्टा लावला आहे काय, आंतली हवा गार झाली आहे काय, हें सारें पाहून मगच तें इंजिनास विश्रांति देतें. एखादें उत्तर नकारार्थी आलें तर इंजिन चालूच राहतें. वैयाकरण ज्यास लोप म्हणतात त्यासारखाच हा प्रकार आहे. वर्ण दिसत नाहीं, पण त्याचें कार्य मागें राहतें. तसें इंजिन थांबलें तरी दिवे, पंखा व गाणीं चालूच असतात. तीं चालतात बॅटरीवर. पुढें जी हकीकत सांगावयाची आहे तिचें मूळ येथेंच आहे.

कल्पना नवी नव्हे. जपानच्या टोयोटा कंपनीनें तेलटंचाईच्या दिवसांत, १९७४ सालीं, आपल्या क्राऊन गाडीस असें साधन बसविलें होतें. आपल्याकडे महिंद्रांनीं २००८ च्या सुमारास आपल्या गाड्यांसाठीं ‘मायक्रो हायब्रिड’ या भारदस्त नांवानें तें पुढें आणलें, आणि २०१४ सालीं हीरोच्या स्प्लेंडरच्या एका प्रकारावर तें दुचाकीसही लाभलें. पुढें सरकारनें २०१७ पासून प्रत्येक कंपनीच्या मोटारींतून बाहेर पडणाऱ्या कार्बन वायूच्या सरासरीवर मर्यादा घातली व २०२२ पासून ती आणखी आवळली. तेव्हां ग्राहकानें मागितलें नसतांही हें यंत्र पुष्कळ गाड्यांत येऊन बसलें.

यांत कंपन्यांचा एक धूर्तपणाही आहे. नव्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा जो आंकडा जाहिरातींत छापतात, तो बहुधा पुण्याच्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन’च्या प्रयोगशाळेंतील परीक्षेवरून आलेला असतो. तेथें गाडी रस्त्यावर धांवत नाहीं; फिरत्या रुळांवर चाकें ठेवून ती ठराविक क्रमानें चालवितात, थांबवितात, पुन्हा चालवितात. आमच्या गाडीचा आंकडा ज्या परीक्षेवरून ठरला, त्या सुमारें वीस मिनिटांच्या परीक्षेंत जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी असते, आणि एअर कंडिशनर बंद असतो. अशा परीक्षेंत उभेपणीं इंजिन बंद ठेवणाऱ्या गाडीस गुण जास्त मिळणारच! प्रश्नपत्रिका आधीं ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांवर किती भिस्त ठेवावी, हें चाळीस वर्षें शिकविलेल्या माणसास सांगावयास नको. हें यंत्र बंद करण्याचें बटण बहुतेक गाड्यांत दर वेळीं नव्यानें दाबावें लागतें. तेंही उगीच नव्हे. गाडी ज्या स्थितींत उत्तीर्ण झाली त्याच स्थितींत ती दर वेळीं सुरू व्हावी, अशी योजना आहे.

म्हणून छापील आंकडा बाजूस ठेवून आमच्या धाकट्या चिरंजिवांनीं पुण्यांत स्वतःचा हिशेब केला. ते कोथरूडहून हडपसरास रोज जातात-येतात. इंजिन किती वेळ बंद राहिलें तें गाडीच्या फलकावर दिसतें. तें त्यांनीं महिनाभर टिपून ठेवलें. रोजची सरासरी दहा मिनिटें आली. लहान पेट्रोल इंजिन उभ्याउभ्या तासास पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जाळतें असें धरल्यास दहा मिनिटांचें सव्वाशें मिलिलिटर होतें. वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेसदतीस लिटर, आणि लिटरमागें शंभर रुपये धरले तरी पावणेचार हजार रुपये. एक लिटर पेट्रोल जळल्यानें सुमारें २.३ किलो कार्बन वायु हवेंत जातो. त्या मानानें ८६ किलो वायु पुण्याच्या हवेंत गेला नाहीं. उलट बाजूस, या यंत्रास वारंवारच्या श्रमांस टिकणारी विशेष बॅटरी लागते. ती साधीपेक्षां आम्हांस अडीच हजारांनीं महाग पडली, आणि तीन-चार वर्षांनीं बदलावी लागते. म्हणजे पुण्यांत तरी व्यवहार फायद्याचा ठरला. नागपूरच्या भगिनींनीं एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढला म्हणजे एअर कंडिशनरपायीं इंजिन बहुधा बंद होणारच नाहीं, आणि चार चार पावलांनीं सरकणाऱ्या गर्दींत तें बंद होऊन उपयोग नाहीं; कारण गरम इंजिन पुन्हा सुरू करण्यास सात-दहा सेकंद उभें ठेवण्याइतकें इंधन लागतें. तेवढाही थांबा नसेल तेथें खुशाल बटण दाबावें.

मामंजींच्या शंकेसही उत्तर दिलें पाहिजे, कारण ती माझीही होती. इंजिन झिजतें तें मुख्यतः सकाळीं थंड स्थितींत सुरू करतांना, जेव्हां तेल खालीं उतरून बसलेलें असतें. सिग्नलच्या मिनिटभरांत गरम इंजिनांतील तेलाचा थर कोरडा होत नाहीं. शिवाय अशा गाड्यांचा सेल्फ व इंजिनांतील बेअरिंगें हीं जादा श्रमांसाठीं मुद्दाम मजबूत केलेलीं असतात. जुन्या गाडीस हातानें दिवसांतून पन्नास वेळां सेल्फ मारल्यास मामंजी म्हणतात तसें होईल; नव्या गाडीस नाहीं. लोकांस हें यंत्र आवडत नाहीं हें मात्र खरें. अमेरिकेंत तर २०२५ च्या मे महिन्यांत तेथील पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनींच त्याविरुद्ध जाहीरपणें तक्रार केली. पण नावड म्हणजे हिशेब नव्हे.

आतां ती हकीकत. दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत चिरंजीव सुट्टीस घरीं आले होते. गाडीची मूळची बॅटरी आदल्या वर्षीं संपली, तेव्हां वाटेंतल्या एका दुकानदारानें ‘सगळ्या सारख्याच असतात’ असें सांगून साधी बॅटरी बसवून दिली होती. आणि अडीच हजार वांचले म्हणून मींच त्यांस शाबासकी दिली होती! एके रात्रीं साडेअकराच्या सुमारास सौ.च्या पोटांत असह्य कळ उठली. येथील डॉक्टरांनीं सुई टोंचली व चंद्रपूर गांठावयास सांगितलें. आष्टीच्या मार्गास लागलों, तों सुरजागडकडून लोहखनिज घेऊन येणाऱ्या ट्रकांची भली मोठी रांग उभी. पुढें कोठें तरी एक ट्रक मोडून पडला होता. सौ.स ओकाऱ्या येत होत्या म्हणून खिडक्या उघड्या, एअर कंडिशनर बंद. यंत्रास इंजिन थांबविण्यास कांहींच अडचण दिसली नाहीं. बाहेरचे दिवे, आंतला दिवा, पंखा, सारें बॅटरीवर. रांग थोडी सरके, इंजिन सुरू होई. पुन्हा थांबे, पुन्हा बंद. बॅटरी भरावयास मध्यें वेळच मिळेना. सात-आठ वेळां असें झाल्यावर चिरंजिवांनीं क्लच दाबला, तों आंतून नुसती टकटक ऐकूं आली, फलकावरचे दिवे मिणमिणले आणि गाडी निपचित पडली. “अहो, थांबलो का आपण?” असें सौ.नें अंधारांत विचारलें. काय सांगावें? लोप झाला होता, आणि या वेळीं कार्यही मागें उरलें नव्हतें.

मागच्या ट्रकचा चालक व त्याचा क्लीनर खालीं उतरले, आणखी दोघे तरुण धांवून आले, आणि चौघांनीं ढकलून दुसऱ्या गियरवर गाडी सुरू करून दिली. त्यांचीं नांवें विचारण्याचें भान आम्हांस राहिलें नाहीं, ही रुखरुख अद्याप आहे. या प्रकारांत वीस मिनिटें गेलीं. पित्ताशयांतील खड्यांची ती कळ होती. शस्त्रक्रिया होऊन सौ. बरी झाली. पण हृदयाचा विकार असता तर, हा विचार पुढें कित्येक रात्रीं मला जागवीत असे.

चिरंजिवांनीं रागानें ठरविलें कीं, हें यंत्र कायमचें काढून टाकावयाचें. मीं त्यांस थांबविलें. बॅटरीच्या ऋण टोकापाशीं एक मापक असतो. आंत किती शक्ति उरली हें तो गाडींत नेमलेल्या जातीच्या बॅटरीच्या हिशेबानें ठरवितो. आम्हीं जातच बदलली, तेव्हां त्याचा अंदाज चुकला. चूक दुकानदाराची खरी, पण शाबासकी माझी होती. पुढें योग्य बॅटरी घेतली व ती नवी असल्याची नोंद गाडीच्या यंत्रणेंत करवून घेतली. आतां घरांत एक नियम आहे: आजारी मनुष्य गाडींत असेल तर निघण्यापूर्वीं प्रथम तें बटण दाबावयाचें. बटणावर सौ.नें कुंकवाचें बोट लावून ठेवलें आहे, म्हणजे अंधारांतही दिसावें म्हणून! (अंधारांत कुंकूं दिसत नाहीं, हें मीं बोललों नाहीं.)

राहिला आमच्या मुलचेऱ्याचा हिशेब. येथून चंद्रपुरापर्यंतच्या एरवींच्या फेरींत गाडी तीन-चार मिनिटें उभी राहते. त्यांतून वाचणारें पेट्रोल चार-पांच रुपयांचें. येथें खरें इंधन जळतें तें बस-थांब्यावरील काळी-पिवळी जीपांत. प्रवासी भरेपर्यंत त्या अर्धा अर्धा तास घुरघुरत उभ्या असतात, आणि त्या जुन्या गाड्यांत कसलेंही यंत्र नाहीं. किल्ली फिरविणारा हात तेवढा आहे. गेल्या मार्गशीर्षांत मीं त्या चालकांस पाटीवर आंकडेमोड करून दाखविली: अर्ध्या तासास निदान तीस-पस्तीस रुपयांचें डिझेल, दिवसाच्या चार फेऱ्या, महिन्याचे पंचवीस दिवस. तीन हजारांवरचा आंकडा पाहून सारे गंभीर झाले. परवां बाजाराच्या दिवशीं मुद्दाम पाहून आलों. चार जीपांपैकीं दोन बंद होत्या. तिसरीचा सेल्फ नादुरुस्त, म्हणून ती दिवसभर चालूच. चौथीचा चालक माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “गुरुजी, इंजिन बंद केलं का लोकायले वाटते, आज गाडी जातच नाही. मंग ते दुसऱ्या गाडीत जाऊन बसतात.” या प्रश्नाचें उत्तर माझ्या पाटीवर नव्हतें.