विकत घेतलेले श्रमदान

मुंबई-पुण्याच्या सुस्थित घरांतील तरुण दांपत्ये आज सुटीसाठी जिथे जातात त्या ठिकाणांत मालदीवचे नाव बरेच वर आहे. या सहलींना अलीकडे एक नवी जोड मिळाली आहे. चार रात्री समुद्रात खांब रोवून बांधलेल्या कुटीत काढावयाच्या, आणि मग दोन-तीन दिवस एखाद्या वस्तीच्या बेटावर ‘सेवाकार्य’ करावयाचे. शाळेतील मुलांना इंग्रजी शिकवणे, किनाऱ्यावरील प्लास्टिक वेचणे, लोखंडी सांगाड्याला प्रवाळाचे तुकडे बांधून तो सांगाडा पाण्यात सोडणे, असे त्याचे स्वरूप असते. या सेवेसाठी सेवा करणाराच शुल्क भरतो आणि निघताना त्याला प्रमाणपत्र मिळते. परतल्यावर दांपत्य समाधानाने सांगते की, आम्ही नुसती चैन करून आलो नाही, काही देऊनही आलो.

या दांपत्याची टवाळी करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. सहा हात अंतरावर दारिद्र्य दिसत असताना सुखाने जेवता येत नाही, ही माणसे त्यातलीच असतात, आणि अशी माणसे समाजात फार थोडी उरली आहेत. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही, हिशेबाचा आहे. ‘देऊन आलो’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा कोणी कोणाला काय दिले आणि कोणी काय नेले, याची खातेवही उघडणे भाग पडते.

मालदीवमध्ये १९७२ साली थोडे इटालियन प्रवासी आले आणि त्याच वर्षी विहामनाफुशी नावाच्या निर्मनुष्य बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट उघडले. कुरुंबा म्हणजे शहाळे. तोवर हा देश टुना मासळीवर जगत होता. सुकवलेल्या मासळीची श्रीलंकेतील बाजारपेठ त्याच सुमारास ढासळली आणि परकीय चलनाचा दुसरा मार्ग शोधणे राज्यकर्त्यांना अपरिहार्य झाले. पर्यटनाने त्या देशाला काहीच दिले नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. २०११ साली मालदीवचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून निघाले. दरडोई उत्पन्नात आज तो दक्षिण आशियात सर्वांत वर आहे. पण दरडोई उत्पन्न ही फसवी सरासरी असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते.

‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे तेथील धोरण. सुमारे बाराशे बेटांपैकी वस्तीची बेटे दोनशेच्या आत आहेत आणि रिसॉर्टांची संख्या पावणेदोनशेच्या आसपास. म्हणजे ज्या देशातील माणसे जितक्या बेटांवर राहतात, जवळजवळ तितकीच बेटे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली आहेत. जमीन सरकारची, ती भाडेपट्ट्याने द्यावयाची. पट्टा पन्नास वर्षांचा, आणि जास्तीचे पैसे मोजले की नव्याण्णव वर्षांपर्यंत वाढवून घेण्याची सोय. पट्टा कोणाला द्यावा हे सत्ताधाऱ्यांच्या हाती असले की काय घडते, ते २०१५-१६ मध्ये उघडकीस आले. पन्नासहून अधिक बेटे आणि खाजणे यांच्या पट्ट्यांतून सरकारी तिजोरीत यावयाचे सात-आठ कोटी डॉलर मधल्या मधे नाहीसे झाल्याचे तेथील महालेखापालांनीच नोंदवले. आपल्याकडच्या खोतीची आठवण ठेवणाऱ्यास यात नवे काही दिसणार नाही. खोताला निदान गावात राहावे लागत असे.

या धोरणाची दुसरी बाजू अलगतेची होती. इस्लामी देशात मद्य आणि डुकराचे मांस निषिद्ध; म्हणून ते रिसॉर्टाच्या बेटापुरते मोकळे केले आणि पाहुण्यांना वस्तीच्या बेटांपासून दूर ठेवले. धर्म आणि नफा या दोघांचीही सोय झाली. वस्तीच्या बेटांवर पाहुण्यांसाठी निवासघरे उघडण्यास लोकांना परवानगी मिळाली ती २००९ नंतर, म्हणजे पहिल्या रिसॉर्टानंतर जवळजवळ चार दशकांनी. तोपर्यंत बेटावरच्या माणसाला या धंद्यात दोनच वाटा होत्या. एक, मासळी विकणे. दुसरी, घरदार सोडून दुसऱ्या बेटावर नोकर म्हणून राहणे.

हे नोकर कोठे राहतात, हे पाण्यावरील कुटीतून दिसत नाही. प्रत्येक रिसॉर्टात झाडांच्या किंवा भिंतीच्या आड त्यांची वसाहत असते. माणसे महिनोन् महिने कुटुंबापासून दूर तेथे राहतात, आणि त्यांत स्थानिक स्त्रिया अगदी थोड्या असतात. २०२२ च्या जनगणनेत मालदीवची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार भरली. त्यांत सुमारे १ लाख ३२ हजार परदेशी होते. त्यांतील फार मोठा भाग बांगलादेशी मजुरांचा. भराव घालणे, खांब रोवणे, सिमेंटची पोती वाहणे ही कामे त्यांची. त्याच वर्षी देशात प्रथमच किमान वेतन लागू झाले आणि त्यातून हे परदेशी मजूर वगळले गेले. कामगारांनी एकत्र येऊन दाद मागावी म्हटले, तर २०१३ च्या शांततापूर्ण सभेच्या कायद्याने बंदरे आणि विमानतळ यांच्याबरोबर रिसॉर्टांतही निदर्शने करण्यास मनाई केलेली आहे. सभास्वातंत्र्य देणाऱ्या कायद्यात ज्या जागी सर्वांत अधिक नोकर आहेत ती जागाच वगळावी, ही युक्ती कोणत्याही गिरणीमालकाला सुचली असती. तिला संसदेची मान्यता मिळाली, इतकाच फरक.

आता डॉलरचे काय होते ते पाहू. २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पर्यटक तेथे गेले. एवढ्या छोट्या लोकसंख्येच्या देशात एवढे पाहुणे आले तर परकीय चलनाचे डोंगर उभे राहावयास हवेत. प्रत्यक्षात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भारताने मालदीवला ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपये यांच्या चलन-अदलाबदलीची मदत देऊ केली, कारण त्या देशाची गंगाजळी आटत आली होती. त्याच महिन्यात तेथील मध्यवर्ती बँकेला असा नियम करावा लागला की रिसॉर्टवाल्यांनी पर्यटकांकडून मिळालेल्या डॉलरांचा ठराविक भाग देशातील बँकांत आणून रुफियात बदलून घ्यावा. हा नियम करावा लागला यातच सर्व आले. पर्यटक पैसे भरतो ते पुष्कळदा परदेशातील प्रवासी कंपनीकडे. भाज्या, दूध, मांस, मद्य, सामान, व्यवस्थापक सारे बाहेरून येते आणि नफा बाहेर जातो. बेटावर राहते ते भाडे, कर, काही पगार आणि कचरा. राजधानीचा व आसपासच्या रिसॉर्टांचा कचरा १९९० च्या दशकाच्या आरंभापासून थिलाफुशी नावाच्या खाजणात टाकला गेला आणि कचऱ्याचेच एक बेट तयार झाले. २०१४ च्या डिसेंबरात मालेच्या जलशुद्धीकरण केंद्राला आग लागली तेव्हा राजधानीतील लाखभर लोकांना प्यावयास पाणी उरले नाही आणि भारतातून विमानांनी व जहाजांनी पाणी पाठवावे लागले. रिसॉर्टांना आपापली समुद्रजल गोडे करणारी यंत्रे आहेत, त्यांचे तरणतलाव त्या काळात भरलेलेच होते.

या चित्रात सेवाकार्य नेमके कोठे बसते? इंग्रजी शिकवण्याचेच घ्या. मालदीवच्या दूरदूरच्या बेटांवरील शाळांत केरळ-तामिळनाडूतून गेलेले शिक्षक वर्षानुवर्षे काम करीत आले आहेत. शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेला एखादा केरळी मास्तर तेथे एका खोलीत राहतो, पगारातील निम्मी रक्कम घरी पाठवतो आणि करार संपण्याच्या धास्तीत वर्ष काढतो. त्याच शाळेत तीन दिवस येऊन गाणी म्हणवून घेणाऱ्या दांपत्याची छायाचित्रे निघतात. मास्तरांचे छायाचित्र कोणी काढत नाही, कारण ते पगार घेतात. ज्या कामासाठी पगारी माणूस नेमावयास हवा, ते काम फुकट, किंबहुना पैसे भरून करणारा मिळत गेला की पगारी माणूस नेमण्याची निकड कमी होते. दान म्हणून टाकलेले श्रमही बाजारात पडतात आणि मजुरीचा भाव पाडतात, हे विसरून चालणार नाही.

प्रवाळाची कथा याहून विषण्ण करणारी आहे. १९९८ मध्ये समुद्र तापला आणि मालदीवच्या उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले. २०१६ मध्ये पुन्हा तेच घडले. नावाची पाटी लावून देण्याच्या सोयीसह विकला जाणारा लोखंडी सांगाडा त्यावर उपाय म्हणून पुढे केला जातो. संशोधकांनी चिकाटीने चालवलेल्या काही प्रयोगांना मोल आहे, हे मान्य केले पाहिजे. पण गुल्हीफल्हू येथे आणि दक्षिणेच्या अड्डूत गेल्या काही वर्षांत समुद्रतळाची रेती उपसून जे भराव घातले गेले, त्यांत प्रवाळाचे विस्तीर्ण पट्टे गाडले गेले. एका हाताने यंत्रे खाजण उपसत असताना दुसऱ्या हाताने दांपत्यांकडून वीतभर प्रवाळ बांधून घ्यावयाचे. समुद्र चढत आहे हे जगाला सांगण्यासाठी तेथील मंत्रिमंडळाने २००९ च्या ऑक्टोबरात पाण्याखाली बैठक घेतली होती. ती बैठक पाहून हळहळलेले पुष्कळ लोक पुढे विमानानेच ती बेटे पाहावयास गेले.

महाराष्ट्राला श्रमदान अपरिचित नाही. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या छावणीत मुलेमुली उन्हात माती उपसत, साधे अन्न खात आणि कुष्ठमुक्त माणसांच्या शेजारी राहत. त्या श्रमाने फार माती हलली असेल-नसेल. पण तेथे पंक्ती एकच होती. सहलीतील सेवेत पंक्ती वेगळ्या असणे हीच मूळ अट आहे. दिवसा जिला आपण ‘मदत’ केली त्या बाईचा नवरा रात्री आपल्या ताटाशी उभा असतो आणि त्याच्या बोनसबद्दल विचारणे शिष्टसंमत नसते.

मग जावयाचेच नाही काय? असा उपवासी उपदेश व्यर्थ आहे, आणि बेटावरच्या माणसाला तो मान्यही होणार नाही. माफुशीसारख्या बेटावर, जेथे एरवी देशातील तुरुंगच तेवढा प्रसिद्ध होता, स्थानिक कुटुंबांनी निवासघरे काढली आणि पाहुण्याचा पैसा प्रथमच वाण्याच्या, नावाड्याच्या, स्वयंपाकिणीच्या हाती थेट पडू लागला. तेथेही किनाऱ्याचा एक तुकडा पाहुण्यांसाठी कुंपण घालून वेगळा काढला जातो, तेथेही बड्यांचा शिरकाव होत आहे. तरी ही वाट पट्ट्याच्या वाटेपेक्षा बरी. ज्यांना खरोखर काही द्यावयाचे आहे त्यांनी तेथे राहावे, पूर्ण दाम मोजावे, पर्यावरण-कर वाढला तर कुरकुर करू नये, आणि सेवेचे तीन दिवस नुसते ऐकण्यात घालवावेत. २०२४ च्या जानेवारीत मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल अनुदार उद्गार काढले तेव्हा आपल्याकडे एका रात्रीत बहिष्काराची लाट उठली. राष्ट्राच्या अपमानासाठी तिकिटे रद्द करणारे इतके निघाले. कामगारांना निदर्शने करू न देणाऱ्या कायद्यासाठी एकानेही रद्द केल्याचे ऐकिवात नाही.

त्या लाटेत लक्षद्वीपचे नाव पुढे आले. ‘आपले मालदीव’ म्हणून ते विकले जाऊ लागले. छत्तीस बेटे, त्यांतील वस्तीची दहा, २०११ च्या जनगणनेत माणसे सुमारे साडेचौसष्ट हजार. मिनिकॉयची भाषा मालदीवच्याच कुळातली. बेटाखाली गोड्या पाण्याचा पातळसा थर, तो अधिक उपसला की खारे पाणी वर येते. येथील मच्छीमार टुना पकडतो तो गळाने, आणि गळाआधी लागणारे बारीक जिवंत आमिष त्याला प्रवाळाने वेढलेल्या शांत खाजणात मिळते. नेमक्या त्याच खाजणात खांबांवर कुटी उभारण्याच्या योजना मिनिकॉय, कदमत आणि सुहेली यांच्यासाठी सरकारने पुढे आणल्या आहेत. २०२३ च्या जानेवारीत सुहेली व कदमत येथे दोन आलिशान रिसॉर्टांची घोषणा एका बड्या भारतीय हॉटेल कंपनीने केली. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा आला तेव्हा जमीन घेण्याच्या त्यातील सरसकट अधिकारांविरुद्ध बेटांवरचे लोक घराघरांत उपवास करून उभे राहिले होते. १९८७ साली गोव्यात ‘जागृत गोंयकारांची फौज’ चार्टर विमानांतून येणाऱ्या पाहुण्यांविरुद्ध उभी राहिली, तेव्हा तिला विकासविरोधी म्हणून हिणवणारे पुष्कळ होते. आज कळंगुटच्या विहिरी आणि किनारा पाहून त्यांतले किती जण तसे म्हणतील?

लक्षद्वीपला जाणाऱ्यास प्रशासनाचा प्रवेश-परवाना लागतो. तो अर्ज भरताना मुंबई-पुण्याच्या दांपत्याने आपण उतरणार ती जागा कोणाच्या खाजणात आहे, आमिषाची मासळी पकडणाऱ्यांना तेथे होडी नेता येते की नाही, आणि ताट वाढणाऱ्यास पगाराची पावती मिळते की नाही, हे तीन प्रश्न हॉटेलवाल्यास लेखी विचारावेत. उत्तर आले तर ते बेटावरच्या पंचायतीला दाखवावे.