पाइप स्वस्त चालेल, जोड नाही

साध्या पेट्रोल गाडीला स्वतः टर्बो बसवण्याचा नाद महागडा आहे. बजेट टर्बो, इंटरकूलर आणि इंजिनाच्या संगणकाच्या म्हणजे ईसीयूच्या ट्यूनिंगमध्ये संपते. टर्बो, इंटरकूलर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या पाइपांची पाळी येते तेव्हा खिशात फारसे उरलेले नसते. मग कोणी उधारी करून चकचकीत अॅल्युमिनियमचे किट मागवतो, तर कोणी नळाच्या कामातले पीव्हीसी पाइप चिकटवून मोकळा होतो. दोघांचेही लक्ष पाइपाच्या नळीवर असते. खरे तर नळी हा या व्यवस्थेतला सगळ्यात सोशिक भाग. दगा देतात ते तिचे जोड. म्हणून काटकसर करायची तर ती धातूत, चकाकीत आणि व्यासात करावी, जोडांवरचा खर्च मात्र कापू नये.

आधी पीव्हीसीचा निकाल लावू. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ३८ अंश तापमान असेल, हवेचा दाब वातावरणाच्या दीडपट केला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा ९० अंशांच्या पुढे जाते. दाब दुप्पट केला तर १३० अंशही ओलांडते. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. गरम पाण्यासाठीचे सीपीव्हीसी थोडे अधिक तग धरते, पण तेही इथे सोसण्याच्या कडेवर असते. शिवाय असे पाइप दाबाखालच्या हवेने फुटले की त्यांच्या ठिकऱ्या उडतात. हवा मुळातच तापते म्हणून इंटरकूलर लावायचा आणि ती त्याच्यापर्यंत नेण्यासाठी उष्णतेने मऊ पडणारी नळी निवडायची, हा हिशेब जुळत नाही.

व्यासाच्या बाबतीत उलटी चूक होते. ‘पुढे पॉवर वाढवायची आहे, म्हणून आत्ताच अडीच इंची घेऊ,’ हा युक्तिवाद नेहमीचा. दीडशे हॉर्सपॉवरच्या पेट्रोल इंजिनाला मिनिटाला साधारण सात किलो हवा लागते. अर्धा बार बूस्टला, म्हणजे वातावरणाच्या दीडपट दाबाला, ही हवा दोन इंची पाइपातून सेकंदाला चाळीस मीटरच्या आतबाहेर वेगाने जाते. दोन मीटर लांबी आणि चार सौम्य बेंड धरले तरी दाबातली घट एका बारच्या दोन-तीन टक्क्यांच्या घरात राहते. एवढी घट टर्बो सहज भरून काढतो. मोठा पाइप मात्र जोडावरचा भार वाढवतो. एक बार बूस्टला दोन इंची पाइपाला टोकाशी बाहेर ढकलणारे बल सुमारे २१ किलोचे असते, अडीच इंचीला ते ३२ किलोंवर जाते. म्हणजे गरज नसलेल्या व्यासासाठी आपण पैसे मोजतो आणि वर पाइप निसटण्याचा धोकाही वाढवतो.

धातूचा प्रश्न याच नजरेने पाहावा. अॅल्युमिनियम हलके असते आणि गंजत नाही, पण त्याला आर्गन वेल्डिंगवाला गाठावा लागतो. तो खर्च टाळण्यासाठी लोक तयार बेंड सिलिकॉनच्या होजने जोडत जातात. टर्बो, इंटरकूलरची दोन तोंडे आणि थ्रॉटल बॉडी मिळून चार जोड पुरले असते, तिथे आठ-दहा होतात. याउलट सायलेन्सरच्या दुकानात मिळणारा दीड मिलिमीटर जाडीचा माइल्ड स्टीलचा पाइप कोणताही बरा वेल्डर अखंड जोडून देतो. दोन मीटरला वजन अडीच किलोंनी वाढेल, पण जोड चारच राहतील. स्टील उष्णता धरते, हा आक्षेप इथे गैरलागू आहे, कारण पूर्ण बूस्टवर हवा त्या पाइपात सेकंदाचा एक विसांश भागच असते. गंजाचा आक्षेप मात्र खरा. एअर फिल्टर टर्बोच्या आधी असतो, त्यामुळे पाइपातला गंजाचा कण किंवा वेल्डिंगचा खडा अडवायला पुढे फिल्टर नाही. म्हणून वेल्डिंगनंतर पाइप आतून घासून धुवावा. इंटरकूलर ते इंजिन हा थंड बाजूचा तुकडा परवडल्यास स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमचा करावा, कारण तिथून सुटलेला कण थेट इंजिनात जातो.

वाचलेले पैसे लावायचे ते जोडांवर. कापलेल्या गुळगुळीत टोकावरून होज सरकतो, म्हणून प्रत्येक टोकाला वेल्डिंगची बारीक फुगीर कडा हवी. रेडिएटरचा होज कुलंटसाठी बनलेला असतो आणि टर्बोतून येणाऱ्या तेलाच्या वाफेने फुगतो, म्हणून अनेक थरांचा सिलिकॉन होज घ्यावा. पातळ पट्टीच्या होज क्लिपऐवजी बोल्टने आवळणारा टी-बोल्ट क्लॅम्प घ्यावा. इंजिन माउंटिंगवर हलते आणि इंटरकूलर गाडीच्या बॉडीला बसवलेला असतो. ही हालचाल होजने सोसावी, पण वजन त्याच्यावर लटकू नये, यासाठी पाइपाला ब्रॅकेट हवे. शेवटी पंक्चरवाला करतो तेच करावे: टर्बोचे तोंड बंद करून कमी दाबाची हवा भरायची आणि जोडांवर साबणाचे पाणी सोडायचे. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत गळती म्हणजे हिशेबातली हवा गायब होणे आणि पेट्रोल जास्त पडणे. इतर गाड्यांत टर्बोला तेवढ्याच बूस्टसाठी जास्त फिरावे लागते.

स्वस्तातले तयार किटही मिळते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. किट विशिष्ट गाडीसाठी नसेल तर पाइप कापावेच लागतात आणि कापताना टोकाची फुगीर कडा जाते. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून टर्बो डिझेल गाडीचे कारखान्यातले पाइप घेणे हा तितकाच चांगला पर्याय. ते बूस्ट सोसण्यासाठीच घडवलेले असतात, फक्त त्यांचे जुने रबर फेकून द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. म्हणजे ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही, तिची जागा बंदिस्त ट्रॅकवर. यावर ‘मग काटकसरीच्या पाइपाची चर्चाच कशाला’ असे म्हणणे सोपे आहे. पण ट्रॅकवर इंजिन पूर्ण बूस्टवर सर्वाधिक वेळ चालते, त्यामुळे कच्चा जोड तिथेच आधी उघडा पडतो. म्हणून खरेदीची यादी उलट्या क्रमाने लिहावी: आधी क्लॅम्प आणि होज, मग वेल्डिंग, आणि उरलेल्या पैशात जो धातू बसेल तो पाइप.