राज्यावाचून टिकलेला समाज

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमचे मंदिर जाळले, नगरीचे तट पाडले आणि यहुदी समाजातील पुरोहित, सरदार व कारागीर यांना बंदिवान करून आपल्या मुलुखात नेले, तेव्हा त्या काळच्या रीतीप्रमाणे हा समाज दोन-तीन पिढ्यांत जेत्यांच्या लोकसंख्येत विरून जावयाचा. परंतु तो विरला नाही. पुढे इराणच्या कोरेश बादशहाने बाबिलोन जिंकून त्यांना परतण्याची मुभा दिली, जरुब्बाबेलच्या काळी मंदिर पुन्हा उभे राहिले, नहेम्याने ५२ दिवसांत तट बांधून काढला. आणि तरीही या पुनर्रचनेवर कळस चढविला तो एज्रा शास्त्र्याने, असे माझे मत आहे. पाणवेशीसमोरच्या चौकात सर्व स्त्री-पुरुषांना जमवून त्याने पहाटेपासून दुपारपर्यंत धर्मशास्त्र वाचून दाखविले आणि मंदिराच्या सेवेतील लेवींनी लोकांना त्याचा अर्थ उलगडून सांगितला. पुढे इ.स. ७० मध्ये रोमनांनी तेही मंदिर जाळले, पण योहानान बेन जक्काय या वृद्ध आचार्यांनी याव्ने येथे अध्यापनाचे पीठ चालविले आणि समाजाचे केंद्र वेदीवरून ग्रंथाकडे आले. त्यानंतरच्या अठराशेहून अधिक वर्षांत या लोकांना स्वतःचे राज्य नव्हते. शिक्षक मात्र सदैव होते.

हे उदाहरण आपल्याला दूरचे वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच वृक्षाची एक शाखा मराठी मातीत रुजली. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. किहीम, चेऊल, राजपुरी, अष्टमी अशा गावांवरून किहीमकर, चेऊलकर, राजपूरकर, अष्टमकर अशी आडनावे त्यांनी धारण केली, तेलाचे घाणे चालविले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. ग्रंथ हरवले होते, हिब्रूचे ज्ञान लोपले होते; शब्बाथ, सुंता, खाद्याखाद्याचे नियम आणि ‘शेमा’ची प्रार्थना एवढेच उरले होते. परंपरेप्रमाणे दावीद रहाबी नावाचा परदेशी यहुदी या लोकांत आला, स्त्रिया खवले व पर नसलेली मासळी वेगळी काढतात हे पाहून त्याने त्यांना ओळखले आणि त्यांच्यातूनच शिकवून तयार केलेल्या जाणत्यांच्या हाती धर्मकार्य सोपविले. पुढे त्यांच्या वंशजांनाच ‘काजी’ म्हणण्याचा प्रघात पडला.

त्यानंतर आले सामाजी हसाजी दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेतील हे अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, सुटल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यांनी संकल्प केला, असे सांगतात. आणि १७९६ साली मुंबईत मांडवीजवळ समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. मात्र मंदिर उभारणे हे कार्याचे अर्धेच अंग होय; तेथे म्हटली जाणारी प्रार्थना समजली पाहिजे, हे दुसरे अंग पुढच्या शतकातील विद्वानांनी पुरे केले. १८३२ साली जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. १८७४ साली वल्हांडणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह पुण्यात छापून निघाली. आणि जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी शाळेत हिब्रू शिकविता शिकविता प्रार्थनाग्रंथांमागून प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. लेवींनी पाणवेशीसमोर केलेले काम ते हेच. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली आणि आयुष्यभर माहिती गोळा करून १८९७ च्या सुमारास समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. १९६० नंतरच्या वर्षांत इस्रायलमधील धर्मपीठाने तेथे जाऊन वसलेल्या याच समाजाच्या विवाहसंबंधांविषयी शंका घेतली, तेव्हा लोकांनी यरुशलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली. आपण कोण हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले होते, त्यांनाच असा ठाम आग्रह धरता आला. त्याच इस्रायलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालविले, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवावी.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि यंत्रशाळा यांच्या मधोमध राहून मी हे लिहितो, त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगाव-निपाणीचा मराठी माणूस ज्या राज्यात आहे, तेथील कारभाराची भाषा त्याची नाही. हे निर्वासन नव्हे. आपण आपल्याच घरी, आपल्याच शेतात आहोत आणि कानडी शेजाऱ्याशी आपले शतकांचे नाते आहे. महाराष्ट्राने सीमाप्रश्नी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही न्याय्य आहे व तो नेटाने चालविला पाहिजे. परंतु दावा, मोर्चा आणि निवडणूक यांतच आपली सर्व शक्ती खर्ची पडते, आणि त्याच काळात कारखान्यात दिवसभर राबणारा बाप पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी शाळेत घालतो. त्या बापाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. मराठी शाळा त्याच्या विश्वासाला पात्र व्हावी यासाठी आपण काय केले, हा प्रश्न मात्र आपल्या सर्वांना विचारण्याजोगा आहे. निकाल आपल्या बाजूने लागला, तरी तो वाचणारी पिढी आपणच घडवावयाची आहे.

साधने आपल्याजवळ नाहीत असे नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. कडोली व उचगाव यांसारखी गावे स्वतःच्या वर्गणीवर साहित्य संमेलने भरवितात. या संस्थांना पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा आता शिक्षकांची, वर्गणीदारांची आणि वाचकांची अधिक गरज आहे. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी जवळच्या मराठी शाळेत आठवड्याचा एक तास शिकवावयास जावे, आपल्या गावातील जुन्या माणसांच्या आठवणी व कागदपत्रे लिहून जतन करावीत आणि वाचनालयाची वर्गणी या महिन्यातच भरावी, अशी माझी सर्व सीमावासी बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे.