शुश्रूषा म्हणजे ऐकणे

‘शुश्रूषा’ या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. घरच्या आजाऱ्याची सेवा करताना तो विसरू नये. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. आज प्रतिजैविके घराघरांतल्या फडताळात आहेत. औषध जवळ आले, पण ऐकणे दूर गेले.

गोळीनंतर अंगाला खाज सुटली, पुरळ उठले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ओठ सुजले वा श्वास कोंडला, तर तडक इस्पितळ गाठावे. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने चालू असता कानांत आवाज येऊ लागले, तोल जाऊ लागला, तर ती वयाची तक्रार समजू नये. लहान मुलांचे दात टेट्रासायक्लिनने कायमचे पिवळट होऊ शकतात.

सर्दी-पडसे विषाणूंचे; त्यावर ही औषधे चालत नाहीत. शेजारणीकडची उरलेली गोळी तर मुळीच नको! अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. तेव्हा वाचकहो, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. आणि उशाशी बसून ‘काय होतंय?’ असे विचारले, की उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.